गिलावा करायचा की नाही

अप्पा गेल्यानंतर वर्षभर आम्ही त्या घराचं कुलूप फारसं उघडलं नाही. मी भोरला, धाकटा भाऊ पुण्यात, आणि घर मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एका वाडीत. अप्पा एसटीत ड्रायव्हर होते. वरंध घाटात भर धुक्यात गाडी नेणारा माणूस अशी त्यांची डेपोत ओळख होती. मी शाळेत असताना त्यांनी ही जागा घेतली आणि डोंगराचा पायथा थोडा कापून घर बांधलं. पुढं ओटा, मग बैठकीची खोली, स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागं एक लांबट खोली. त्या खोलीची पाठची भिंत कापलेल्या डोंगराला जवळजवळ टेकलेली होती. भिंती विटांच्या, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. वाडीतलं ते पहिलं स्लॅबचं घर. आई गेल्यावर अप्पा तिथं एकटेच राहिले. फोन केला की म्हणायचे, "माझं बरं चाललंय. तुमचं बघा." त्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

घर विकायचं यावर आमचा वाद नव्हता. आमच्यापैकी कुणी तिथं राहायला जाणार नव्हतं. प्रश्न एवढाच होता की आहे तसं विकायचं की आधी दुरुस्त करून घ्यायचं.

"आहे तसं दाखवलं तर माणूस दारातूनच मागं फिरेल," भाऊ म्हणाला. "ताई, लोकांना भिंत दिसत नाही, रंग दिसतो. पुढच्या खोल्यांना टाईल बसवू, सगळीकडे गिलावा करून पुट्टी मारू. मग बघ."

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

उन्हाळ्यात तो कापूरहोळचा एक मिस्त्री घेऊन आला आणि मीही भोरहून गेले. मिस्त्री पन्नाशीचा, बोलका माणूस होता. त्यानं पुढच्या खोल्या भराभर बघितल्या, टेपनं मापं घेतली. मागच्या खोलीत अप्पांचं लाकडी कपाट डोंगराकडच्या भिंतीला लावून ठेवलेलं होतं. ते सरकवायला दोघांनी जोर लावला. कपाट हललं आणि मागची भिंत दिसली.

वरच्या कोपऱ्यातून तिरकी खाली आलेली एक चीर होती. फरशीपाशी ती थांबत नव्हती, फरशीच्या सांध्यातून तशीच पुढं दारापर्यंत गेली होती. मिस्त्रीनं थापीच्या टोकानं ती खरवडली. आधी पांढरं सिमेंट निघालं, त्याच्याखाली करडं सिमेंट, आणि त्याच्याही खाली काहीतरी पिवळट, चुन्यासारखं.

"हे आधी भरलंय कुणीतरी," तो म्हणाला. "एकदा न्हाई. लई वेळा."

कुणीतरी म्हणजे अप्पांनीच. दुसरं तिथं होतं कोण? मी जवळ जाऊन चिरेवरून बोट फिरवलं. बोट अडलं. चिरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत नव्हत्या. डावीकडची भिंत किंचित पुढं आली होती, म्हणजे खोलीच्या आत. मी पटकन हात काढून घेतला आणि पदराला पुसला. हाताला काही लागलेलं नव्हतं तरी पुसला.

"काही प्रॉब्लेम आहे का?" भावानं विचारलं.

"न्हाई, कसला प्रॉब्लेम? जाळी मारू, वरनं गिलावा, मग पुट्टी. दिसायची न्हाई."

"दिसणार नाही, पण थांबेल का?" मी विचारलं.

मिस्त्रीनं माझ्याकडं न बघता भावाकडं बघितलं. "ते पाऊस झाल्यावर कळंल," असं म्हणून तो हसला, भाऊही हसला आणि दोघं टाईलचा रंग ठरवायला बाहेर गेले.

आमच्या घरात भित्री म्हणून मी प्रसिद्ध आहे. लहानपणी अप्पांच्या गाडीतून घाट उतरताना मी डोळे मिटून सीटचा दांडा धरून बसायची, आणि अप्पा घरी आल्यावर आईला सांगायचे, "सगळी गाडी खिडकीतून दरी बघत होती, आपली लेक तेवढी आत बघत होती." लिफ्टची भीती, झुल्याची भीती, गॅसची भीती. असं माणूस भिंतीला घाबरलं तर कोण मनावर घेणार? माझं मला तरी कुठं खात्रीनं वाटत होतं? जन्मभर नको तिथं घाबरलेल्या माणसाला खरी भीती ओळखायची कशी, हा माझा प्रश्न होता. पण त्या दिवशी मी पुन्हा त्या खोलीत पाय ठेवू शकले नाही. कपाटातले अप्पांचे कपडे भावानंच बाहेर आणून दिले.

रस्त्याच्या पलीकडं, उताराच्या खालच्या बाजूला, एका शेतकरी कुटुंबाचं घर आहे. तिथल्या वैनी माझ्याहून थोड्या मोठ्या. शेवटी शेवटी अप्पांच्या जेवणाचं त्याच बघायच्या. मी चहाला त्यांच्याकडं गेले आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "मागच्या भिंतीला चीर गेलीये हो."

"ती व्हय?" वैनी म्हणाल्या. "ती लई जुनी हाय. अप्पा दर उन्हाळ्याला भरायचे. आन् पाऊस लागला की हिकडं निजायला यायचे."

मला आधी कळलंच नाही. "इकडं म्हणजे?"

"हितं. आमच्या पडवीत. अंधार पडला की वळकटी बगलंत मारून यायचे, सकाळी च्या पिऊन जायचे. आखाड-श्रावण सगळा हितंच. तुमाला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. मी पावसाळ्यात कितीदा तरी संध्याकाळचा फोन केला असेल, आणि ते म्हणाले असतील, आता पडतो जरा. कुठं पडतो ते मी विचारलं नाही, विचारायचं काही कारणही नव्हतं.

"कधी काही बोलले का ते? का येतात म्हणून?"

वैनींनी थोडा विचार केला. "ह्यांनी इच्यारलं हुतं एकदा. तर म्हनले, गाडीचा ब्रेक कधी लागंना झालाय ते पायाला कळतं, तसं मला त्या खोलीत कळतंय. पोरांना सांगू नका म्हनले, उगा जिवाला घोर."

परतीच्या वाटेवर गाडीत मी भावाला हे सगळं सांगितलं. त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "म्हातारपणी एकटं वाटत असेल गं. सोबत हवी असेल, म्हणून काहीतरी निमित्त."

हेही खरं असू शकत होतं, आणि माझी खरी अडचण तीच होती. प्रत्येक गोष्टीचं एक साधं कारण असू शकत होतं. घर जुनं झालं की चिरा पडतातच. म्हातारी माणसं शेजारी जाऊन बसतातच. मी भित्री आहेच. ही तिन्ही कारणं मी स्वतःला सांगितली आणि पुढच्या खोल्यांच्या कामाला होकार दिला. फक्त एवढं म्हणाले, "मागची खोली शेवटी करू." त्यानं ते मान्य केलं.

पुढचं घर खरोखर छान झालं. पांढऱ्या टाईल, फिकट पिवळा रंग, ओट्याला नवा कठडा. एका रविवारी एक जोडपं बघायला आलं. दोघंही वेल्ह्याकडच्या शाळेत शिक्षक, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी, कडेवर वर्षाचं मूल. त्यांना शनिवार-रविवारचं घर नको होतं, राहायलाच हवं होतं. नवऱ्यानं भावाबरोबर पाण्याची टाकी बघितली. ती मात्र मुलाला घेऊन थेट मागच्या खोलीत गेली. कपाट आम्ही परत भिंतीला लावलं होतं.

"किती गार आहे इथं," ती म्हणाली. "सासूबाई आणि बाळ, दोघांना ही खोली देता येईल. रस्त्याचा आवाजही येत नाही."

मूल खाली उतरायला धडपडत होतं. तिनं त्याला फरशीवर सोडलं आणि ते रांगत कपाटाकडं निघालं. मी पुढं होऊन त्याला उचललं. तिला वाटलं, कौतुकानं उचललं.

"या खोलीचं काम व्हायचंय अजून," मी म्हणाले. "झालं की सांगतो आम्ही."

तिनं हसून मान डोलावली. मी मूल तिच्याकडं दिलं. त्या दिवसापासून त्या खोलीचा विचार करताना मला चीर दिसायची नाही, ते रांगणारं मूल दिसायचं.

जुलैत पावसानं जोर धरला. भावानं मिस्त्रीला मागच्या खोलीचं काम सुरू करायला सांगितलं आणि मला फोन केला, "तू फक्त कुलूप उघडून दे. बाकी तो बघेल." मी सकाळी भोरहून एसटीनं निघाले, वाटेत गाडी बदलली. मार्गासनी सोडल्यावर भातखाचरं तुडुंब भरलेली, डोंगर ढगात, रस्त्याकडेच्या चरातून लाल पाणी उड्या मारत चाललेलं. वाडीत उतरले तोच मिस्त्रीचा फोन आला. पुलावर पाणी आहे, वाट बघतो, ओसरलं की येतो.

मी घर उघडलं. आत नव्या रंगाचा वास कोंडला होता. मागच्या खोलीचं दार उघडून मी उंबऱ्यातच उभी राहिले. फरशीच्या त्या सांध्यातून पाणी झिरपत होतं, पातळ, स्वच्छ. पावसाळ्यात जमिनीला पाझर फुटतोच, असं मी मनाशी म्हटलं. दार ओढून कडी घातली, ती सहज बसली. मग स्वयंपाकघरात जाऊन बरोबर आणलेला डबा उघडला.

जेवण अर्ध्यावर असताना मागून आवाज आला. मोठा नव्हता. कुणी बोट मोडावं तसा. मी घास हातात धरून ऐकत राहिले. शेजारच्या पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजत होता, त्यामुळं ऐकलं की भास झाला ते कळेना. मग पुन्हा एकदा.

मी उठून गेले. दाराखालून पाणी स्वयंपाकघरात आलं होतं आणि आता ते लाल होतं, त्यात बारीक खडी होती. मी कडी काढायला गेले. निघेना. दोन्ही हातांनी ओढली, बत्त्यानं ठोकली, तेव्हा कशीबशी निघाली. पण दार उघडलं ते हातभरच, पुढं फरशीला घासून अडलं. मघाशी हेच दार मी एका हातानं लावलं होतं. त्या फटीतून मला कपाट दिसलं. ते भिंतीपासून सुटून पुढं झुकलं होतं. कुणी ढकलल्यासारखं.

वर स्लॅबकडं बघायचं धाडस झालं नाही. मी भिंतीला हात न लावता, अंग चोरून, एक एक पाऊल टाकत बाहेर आले. ओट्यावर आल्यावर मात्र पळाले. चपला, पर्स, डबा सगळं आतच राहिलं. वैनींच्या पडवीत पोचले तेव्हा चिंब भिजले होते. त्यांनी टॉवेल दिला आणि घराकडं बघत उभ्या राहिल्या.

मोबाईल तेवढा कमरेला होता. भावाला फोन लावला.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "पावसात दारं फुगतात. लाकूड आहे ते."

"लाकूड नाहीये," मी म्हणाले. "मागचं दार पत्र्याचं आहे. अप्पांनी बदलून घेतलं होतं. तूच आणून दिलं होतंस."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू कुठं आहेस?" त्यानं विचारलं.

"वैनींकडं."

"तिथंच थांब. आत जाऊ नकोस. मी निघतो."

दुपार कलल्यावर तो पोचला. पाऊस थोडा कमी झाला होता. मी त्याला रस्त्यातच अडवलं, पण तो म्हणाला, एकदा डोळ्यांनी बघू दे. मी दंड धरला, तो सोडवून आत गेला. मी ओट्याखाली पावसात उभी राहिले. आतून पत्रा घासल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. त्या वेळात मी डोंगराकडं बघितलं. घराच्या वर करवंदीची जाळी आणि एक वाकडं आंब्याचं झाड होतं. ते आधीपासून वाकडं होतं का, ते मला आठवेना. आयुष्यभर बघितलेलं झाड, आणि मला आठवेना.

तो बाहेर आला तेव्हा माझी पर्स त्याच्या हातात होती. चेहरा उतरलेला होता.

"भिंत आत आलीये," तो म्हणाला. "पोट सुटल्यासारखी."

मिस्त्रीला त्यानंच फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. काही दिवसांनी उघडीप झाली तेव्हा आम्ही भोरमधल्या एका निवृत्त अभियंत्यांना घेऊन गेलो. ते वर डोंगरावर चढून, काठी टोचत बराच वेळ फिरले. खाली आल्यावर म्हणाले, वरची माती हळूहळू सरकतेय आणि तुमच्या खोलीची भिंत तिला अडवून धरतेय, त्या कामासाठी ती बांधलेलीच नाही. गिलावा केलात तर एवढंच होईल, की पुढं काय चाललंय ते दिसायचं बंद होईल.

"म्हणजे पडणार का?" भावानं विचारलं.

"पडेलच असं मी म्हणत नाही. पण पडणार नाही, असंही मी कुणाला सांगणार नाही. मागं माती अडवणारी धारक भिंत घातली, पाण्याला वाट काढून दिली, तरी त्या खोलीत मी माझ्या माणसांना निजवणार नाही."

शिक्षक जोडप्याला आम्ही भोरला माझ्या घरी बोलावलं. भावानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो सांगत असताना तिनं मुलाला मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. नवरा म्हणाला, "पण तुमचे वडील इतकी वर्षं राहिलेच की तिथं."

"पावसाळ्यात दिवसाच राहिले," मी म्हणाले. "रात्री नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं की कशानं, मला कळलं नाही. मग ती उठली आणि ते गेले. त्यांनी वेल्ह्यातच दुसरं घर घेतल्याचं नंतर कानावर आलं.

पुढच्या खोल्यांवर केलेलं काम वाया गेलं, याचं भावाला काही दिवस वाईट वाटलं. मला वाटलं नाही. मला वेगळीच भीती धरून बसली होती. डोंगर तिथंच होता, आणि रस्त्याच्या खाली वैनींचं घर होतं. अभियंते म्हणाले होते की माती आली तरी रस्त्यापर्यंत पोचेल असं दिसत नाही. मी वैनींना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "अप्पाबी असंच म्हनायचे. म्हून तर हिकडं यायचे." तरी त्यांच्या आग्रहानं नवऱ्यानं तहसीलला अर्ज दिला आणि तिथली माणसं येऊन पाहणी करून गेली.

जागा शेवटी वैनींच्या घरच्यांनीच घेतली, पेंढा आणि अवजारं ठेवायला. आमची अट एकच होती, मागची खोली पाडायची आणि उरलेल्या घरात कुणी निजायचं नाही. ती अट आम्ही घातली खरी, पण ती आमच्याहून त्यांनाच जास्त हवी होती.

दिवाळी झाल्यावर जेसीबी आला. आम्ही दोघं रस्त्यावर उभे होतो. पाऊस थांबून कितीतरी दिवस झाले होते, वरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. जेसीबीनं आधी स्लॅब उतरवला, मग बाजूच्या भिंती. शेवटी डोंगराकडची भिंत राहिली. बकेट नुसती टेकली आणि ती वरून खालपर्यंत कोसळली. तिच्यामागून माती आली. आवाज झाला नाही. पोत्याची शिवण उसवावी तशी ती सावकाश घसरत आली, लाल, ओली, आणि खोलीच्या मध्यापर्यंत येऊन थांबली. एवढ्या कोरड्या हवेत तिच्यातून वाफ निघत होती. जेसीबीवाल्यानं गाडी मागं घेतली आणि इंजिन बंद केलं. भावानं माझं कोपर धरलं होतं, ते त्यानं बराच वेळ सोडलं नाही.

अप्पांनी आम्हाला का सांगितलं नाही, याचा मी खूप विचार केला. आमच्या जिवाला घोर नको म्हणून, हे तर झालंच. पण घाटात कधी न घाबरलेल्या माणसाला, भित्र्या मुलीपुढं आपण घाबरलो आहोत हे कसं कबूल करायचं, हेही असेल. मला सांगितलं असतं तर मी हसले नसते. माझ्याएवढं ते कुणालाच कळलं नसतं.

यंदा भाऊ पुण्यात मोठा फ्लॅट बघतोय. परवा मला घेऊन गेला. टेकडीच्या बाजूला नवी इमारत होती, दाखवणारा माणूस आम्हाला स्वयंपाकघराची खिडकी दाखवत होता. भाऊ म्हणाला, आधी मागची बाजू बघू. आम्ही इमारतीला वळसा घातला. मागं टेकडी उभी कापलेली, तिच्यावर हिरवी जाळी टाकलेली. तो खिशात हात घालून वर बघत राहिला.

"ताई, तुला काय वाटतं?"

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "पण मला सगळ्याचीच वाटते."

"ते राहू दे," तो म्हणाला. "कशाची वाटते ते सांग."

मग मी त्याला जाळीच्या खालून पाझरलेलं पाणी दाखवलं, आणि आम्ही दोघं खाली वाकून ते स्वच्छ आहे की गढूळ ते बघू लागलो.